दिवाणचे सगळे ऐब

"आधी याचे ऐब ऐका, मग याच्याकडे पाहा," असं म्हणत दामिनीनं दिवाणला टिनाच्या छपरीतून बाहेर आणलं.

भंडाऱ्याबाहेर बेवारस कुत्र्यांसाठी तिनं चालवलेल्या त्या निवाऱ्यात दिवाण सगळ्यात म्हातारा. दोन घरांनी त्याला हौसेनं नेलं होतं आणि आजारपण कळल्यावर दोन्ही घरांनी परत आणून सोडलं होतं. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा किती तरी दिवस त्यानं जेवणाकडे पाहिलं नाही. आता डॉक्टरांनी बजावलं होतं की हा हिवाळा त्यानं सिमेंटच्या फरशीवर काढता कामा नये. त्याला घर मिळायलाच हवं होतं. पण तिसऱ्यांदा परत येणं त्याला सोसवणार नाही, हेही दामिनीला पक्कं ठाऊक होतं.

समोरच्या बाकावर बपेरा गावचे भैय्याजी आणि त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई बसले होते. भैय्याजींचा उभा जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला. घरामागच्या सांदवाडीतल्या भाजीपाल्याच्या राखणीला एखादं पिलू हवं म्हणून दोघं आले होते. सत्यभामाबाईंच्या मांडीवर अंबाडीची नवी दोरी होती, पिलाच्या मापाची गाठ घरूनच मारलेली. पिलं मात्र कालच संपली होती, म्हणून दामिनीनं धीर करून दिवाणला पुढे केलं.

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डाव्या कानानं ऐकू येत नाही. मागचा पाय आखडतो. हृदय कमजोर आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी लागते. ढग गडगडले की घरातच मुततो. आणि काकाजी, हा भुंकत नाही. अजिबातच नाही."

भैय्याजींचे डोळे बारीक झाले.

बैलबाजारात विकणारा ऐब झाकतो आणि घेणारा ते शोधत बसतो. स्वतःच्या तोंडानं ऐब सांगणारा माणूस तिथे एकच असतो, तो म्हणजे ज्याला जनावर मुळात द्यायचंच नसतं. घरच्यांनी रेटलं म्हणून तो बाजारात येतो आणि गिऱ्हाईक फिरकू नये म्हणून आपल्याच बैलाला नावं ठेवतो. असे बैल सोन्यासारखे निघतात, हे भैय्याजींना चांगलं माहीत होतं.

"पोरी, मले नको शिकवू," ते मिशीत हसले. "तुले हा कुत्रा देयाचाच नाही. असली माल हाये, म्हनून दाबून ठेवून राहिली. मी हाच नेतो."

दामिनी गप्प राहिली असती तर सौदा तिथेच पटला असता. गप्प राहावं असं तिला वाटलंही. का नाही वाटणार? पण दिवाण तिच्या पायाला टेकून उभा होता.

"काकाजी, मी खरंच सांगते आहे. तुम्ही हात लावून पाहा."

भैय्याजी उठले. बैल पाहावा तसा त्यांनी दिवाण पाहिला. दात पाहिले, डोळ्यासमोर बोट फिरवलं, डाव्या कानाशी टिचकी वाजवली, मागचा पाय वाकवला, छातीला तळवा लावून बराच वेळ थांबले. एकेक ऐब खरा निघत गेला तसं त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं. दिवाणनं तेवढ्या वेळात एकदा त्यांचं मनगट चाटलं, बाकी तक्रार केली नाही.

हेही आता नेणार नाहीत, असं दामिनीला वाटलं.

"चल रे दिवाण," ती म्हणाली आणि पट्टा धरून वळली.

"थांब," भैय्याजी खाली बसूनच म्हणाले. "एवढा बाजार केला म्या. म्या बी झाकलं, लोकायनं बी झाकलं. खरं सांगून जनावर आजपावतर कोनी माह्या पुढं उभं केलं नाही."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. सत्यभामाबाई दोरीची गाठ केव्हाच्याच सोडत बसल्या होत्या. पिलाच्या मापाची गाठ दिवाणच्या मानेला पुरणार नव्हती.

"गोळी कायच्यात देतेस वं बाई?" त्यांनी विचारलं.

"दह्यात, काकू." दामिनीनं पट्टा घट्ट धरला. "पण... परत तर नाही ना आणणार?"

भैय्याजींना ते झोंबलं. "हाती धरलेलं दावं म्या कधी वापस केलं नाही. सोड तुहा पट्टा, तुह्याजवळ ठेव. जनावर घेनाऱ्याच्या दाव्यानं जाते, हे बाजाराची रीत हाये."

दामिनीनं पट्टा सोडला. सत्यभामाबाईंनी दोरी बांधली आणि आत दोन बोटं घालून ती काचत नाही ना ते पाहिलं.

फाटकाशी त्यांच्या गावचा जागेश्वर पिकअप घेऊन उभा होता. लंगडत येणारा दिवाण पाहून त्याला हसूच आवरेना.

"भैय्याजी, जिंदगीभर बैल पारखले आन् हे काय घेऊन आले?"

भैय्याजी थांबले. बाजारात बैलाचे गुण सांगताना जो आवाज लावत, तोच त्यांनी लावला, छाती पुढे काढून, रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर ऐकू जाईल असा.

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू! मांगचा पाय आखडते! काळजाची गोळी लागते, सकाळ-संध्याकाळ, दह्यात! गडगडलं का घरात मुतते! आन् भुंकत तं बिलकूलच नाही!"

पट्टा छातीशी धरून दामिनी ऐकत होती. कान तेवढा राहिला, तिच्या मनात आलं.

जागेश्वर हसत खाली वाकला आणि दिवाणला चुचकारू लागला. भैय्याजींनी त्याला दंडाला धरून पलीकडे वळवलं.

"इकून नाही, तिकून बोल. डाव्या कानानं आयकू येत नाही आमच्या दिवाणले."