ठेक्याच्या जरा मागे

"पुन्हा एकदा वाजवा, चाचा," जगदीश म्हणाला.

जहांगीरचाचांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मान हलवली आणि डोळे मिटून बोटं कीबोर्डवर ठेवली. वाजवताना डोळे मिटायची त्यांची जुनी सवय. मागे खातूनचाची त्यांचा खांदा धरून उभ्या होत्या. जगदीशने कॉम्प्युटरवर ठेका लावला. टक, टक, टक, टक. चाचांनी वरातीची जुनी चाल धरली.

चाल सुरेख होती. फक्त ठेक्याच्या जरा मागे होती.

जगदीशचं धुळ्यात रेकॉर्डिंगचं छोटं दुकान होतं. सकाळच्या एसटीने तो अमळनेरला आला होता, तो जीवराम आबांच्या सांगण्यावरून. आबांचा लग्नाचा बँड. त्या बँडची गाणी जहांगीरचाचा घरच्या कॉम्प्युटरवर तयार करायचे. ढोलकी कॉम्प्युटरची, सूर चाचांचे. ते गाडीवरच्या भोंग्यांतून वाजायचं आणि पोरं त्यावर ताशा धरायची. उभा जन्म चाचांनी त्या भोंग्यांसमोर काढला होता. गेल्या लगीनसरीपासून मात्र सूर ठेक्याला सोडून चालले होते. नाचणाऱ्यांचे पाय अडखळायला लागले, तेव्हा आबांनी सांगून टाकलं. आज दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस.

घरात दुसरी कमाई नव्हती. खातूनचाचींनी हे जगदीशला दारातच सांगितलं होतं, भाजीचा भाव सांगावा तसं. रडून झालेलं असावं. आता त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

जगदीशने आधी बिनतारी स्पीकर काढला. हवेतून येणारा आवाज उशिरा येतो, हे त्याला ठाऊक होतं. तार लावली. फरक नाही. साउंड कार्डचं सॉफ्टवेअर बदललं, आवाज साठवून मग सोडण्याची सेटिंग कमी केली, कीबोर्डची केबल स्वतःच्या पिशवीतली लावली. चाचा पुन्हा वाजवत राहिले, तीच चाल, कुरकुर न करता.

"दुसरी एखादी चाल वाजवता का? नवीन?" पडद्याकडे बघतच जगदीशने विचारलं.

चाचांनी पुन्हा तीच चाल धरली.

"जुनीच बरी," चाची म्हणाल्या. "बोटं बसलीयत त्यांची."

नाचता येईना अंगण वाकडं, असंही जगदीशच्या मनात येऊन गेलं. पण कच्चा हात कधी पुढे जातो, कधी मागे पडतो. इथे प्रत्येक सूर तेवढाच मागे होता, पडद्यावरच्या ठेक्याच्या रेघेपासून सारख्याच अंतरावर. इतकं नेमाने माणूस चुकत नाही, यंत्रच चुकतं. खात्री करायला त्याने स्वतः ठेक्यावर कीबोर्डची एक पट्टी बडवून पाहिली. काही सूर आधी पडले, काही नंतर. त्याचा हात कुठे तालाचा होता; त्यावरून काही ठरेना.

"सगळे सूर रेघेवर आणायचं बटण असतं ना त्यात?" चाचींनी विचारलं.

"असतं. पण मग मुरक्या मरतात. आबांना तसलं मेलेलं वाजवणं नको."

बोलताना त्याचं लक्ष चाचींच्या हाताकडे गेलं. बोटं चाचांचा खांदा हलके हलके दाबत होती.

"मान आखडते यांची," चाची म्हणाल्या. "वाजवायला बसले की दाबून द्यावं लागतं."

इतक्यात आबांचा फोन आला, सगळी वरात मागे पडतेय म्हणून, त्यांच्या अहिराणीत. "काय रे जगदीश, काय शे ते सांग. मन्ही बठ्ठी वरात मांगे पडस."

"थोडं थांबा, आबा."

कारण सापडत नव्हतं. पण उपाय सुचला आणि तो इतका साधा होता की जगदीशला स्वतःचाच राग आला. उशीर सारखाच आहे ना? मग वाजलेलं सगळं तेवढंच अलीकडे ओढायचं. त्याने तशी सेटिंग केली आणि चाचांनी नुकतीच वाजवलेली चाल लावली. सूर ठेक्यावर येऊन बसले. मुरक्या जशाच्या तशा. फोन स्पीकरजवळ धरून त्याने आबांना ऐकवलं.

आबा बराच वेळ ऐकत राहिले. "आते बराबर शे," ते म्हणाले. "जहांगीरले सांग, सीझन त्यानाच शे."

चाचा जगदीशच्या चेहऱ्याकडे बघत होते. चाचींनी त्यांच्यासमोर येऊन हळूहळू सांगितलं, "सीझन तुमचाच आहे." ते हसले. चाचींनी पदराने तोंड पुसलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"दूध आणते," त्या म्हणाल्या. "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." पिशवी घेऊन त्या जिना उतरल्या.

सेटिंग कायमची ठेवण्याआधी एकदा नव्याने वाजवून बघायला हवं होतं. जगदीशने चाचांना हाताने खूण केली. चाचा सरसावून बसले, बोटं पट्ट्यांवर ठेवली, डोळे मिटले. जगदीशने ठेका लावला.

टक, टक, टक, टक.

चाचा तसेच बसून होते.

पहिलं आवर्तन सोडून देत असतील, असं वाटून जगदीश थांबला. ठेक्याची आवर्तनं जात राहिली. त्याने आवाज वाढवला. टकटक आता खालच्या गल्लीतही ऐकू जात असणार.

"चाचा," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "चाचा."

चाचांचे डोळे मिटलेलेच होते. चेहरा शांत होता.

"खातूनला येऊ द्या, जगदीशभाऊ," ते म्हणाले. "मग ठेका सुरू करा."