बघायला आलेली बाई

आईनं पदराला पिन लावली तवाच निशाचं डोस्कं फिरलं. येणार सरकारी बाई, तीबी बापाच्या दारूची चौकशी करायला, आन साडी नेसायची निशानं. का, तर आईनं, तानूबाईनं, अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलंतं, पोरीला बघायला पन्हाळ्याकडनं पावणं येणार हाईत.

"दुसरं काय सांगू? नवरा पितोय म्हणून बाई आलीया, असं सांगू?" तानूबाई म्हणाली.

कॉइन बॉक्सवरनं फोन निशानंच केलता. दारू सोडवायच्या केंद्रात एक फुकटची खाट रिकामी होती. अट एवढीच, केंद्राची बाई घरी येऊन बघणार, आन बायकोनं आपल्या तोंडानं सांगून सही करायची की माणूस पितोय. न्हाय म्हटलं की नाव कटाप, खाट दुसऱ्याला. निशाची सही चालत नव्हती. तिला अठरा व्हायला अजून चार म्हैनं होतं.

केंद्राच्या प्रीती मॅडम आल्या स्कूटीवरनं, एकट्याच, काखेत फाईल. शेजारची शालूबाई तासभर आधीच येऊन भिंतीला टेकून बसल्ती. पोह्याचा वास गल्लीभर गेलता. एकटी बाई बघून शालूबाई जरा चमकली, मग तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं, पोराची थोरली भन असंल, शिकल्याली दिसतीया.

निशाचा बाप आण्णासो खुर्चीवर होता. सकाळपासनं बायकोनं त्याला थेंब दिला नव्हता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल. दोन्ही हात मांडीखाली दाबलेलं. वीस वर्सं गवंडीकाम केलेलं हात, आता थापीवर सिमेंटचा माल टिकत नव्हता. निशाला सगळं दिसत होतं. कपाळावरचा घाम, आन आई मुद्दाम पाहुणीच्या आन त्याच्या मधी कशी बसलीया ते.

मॅडमनी फाईल उघडली आन सरळच इचारलं. किती वर्सं पितात, रोज किती लागते, मारहाण करतात का.

शालूबाई टेकलेली होती ती ताठ झाली.

"कोण, आमचं मालक?" तानूबाई हसली. "त्यास्नी पित्ताचा तरास हाय बाई. साधा चहाबी सोसत न्हाय. दर पुनवंला विहारात जाऊन पंचशील म्हणत्यात."

म्हणतोय की. निशा शेजारीच उभी असती. पयली चार शीलं तोंडभर, आन दारूचं पाचवं आलं की आण्णासोला खोकला लागतो.

मॅडमनी परत इचारलं. गगनबावड्याच्या एका माणसाची घरची मंडळी दोन म्हैनं ह्याच खाटेसाठी थांबलीत, असंबी सांगितलं. तानूबाईची मान हालत राहिली, न्हाय, न्हाय. शालूबाईला आता राहवंना. पावणं नेमकं कुठलं, आन पोरगं काय करतंय, असं तिनं मॅडमलाच इचारलं. मॅडमला काय कळंना. अजून तीन घरं करायची होती. "बरं," म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. नाव खोडायला.

तवर निशा ट्रे घेऊन भाईर आली. मॅडमच्या पुढनं गेली, शालूबाईच्या पुढनं गेली, आन बापाच्या पुढं जाऊन थांबली.

"आबा, चहा घ्या."

"त्यास्नी नको," तानूबाई म्हणाली. "पावण्यास्नी दे."

"हात काढा आबा."

आण्णासोनं तिच्याकडं बघितलं. तिनं काय नजर हलवली न्हाय. त्यानं उजवा हात काढला, बशी धरली, आन कप वाजाय लागला. थांबवायला म्हणून त्यानं दुसरा हात लावला, तर जास्तच. चहा इस्त्रीच्या शर्टावर, मांडीवर, आन कप खाली फरशीवर जाऊन फुटला. कुणी उचलला न्हाय.

"बघा मॅडम," निशा म्हणाली. "पित्त."

शालूबाई उठली. गिरणीत दळण राहिलंय म्हणाली, तिला कुणी इचारलं नव्हतं. ती भाईर पडली आन तिसऱ्या दारात तिचा आवाज सुरू झालाबी.

तानूबाई उठून आली. आता कानाखाली बसणार म्हणून निशानं दात आवळलं. पण ती तिला ओलांडून गेली. पदरानं नवऱ्याचा शर्ट पुसाय लागली, खरकटं भांडं घासावं तसा. सगळ्यांकडं पाठ करूनच बोलली.

"सकाळी उठल्याबरोबर लागती. दोनदा माझं डोस्कं फोडलंय. लिवा."

मॅडम लिवत होत्या.

"झालं तुझ्या मनासारखं?" तानूबाई म्हणाली, पाठ तशीच. "आता बस जलमभर हीच साडी नेसून."

"बसतो," निशा म्हणाली.

सही झाली. कागदाला भोक पडंल एवढ्या जोरानं तानूबाईनं ती केली. मॅडमनी फाईल मिटता मिटता आणखी एक सांगितलं. आम्ही कुणाला उचलून नेत नाही, त्यांची स्वतःची तयारी पाहिजे.

तिघी आण्णासोकडं बघाय लागल्या. तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. शर्टातनं चहा गळत होता. हात मांडीवर उघडंच पडलंतं, त्यानं काय ते परत लपवलं नव्हतं. मग मान वर न करताच त्यानं इचारलं,

"कवा न्याला येताय?"