घरचा माणूस

औशात माणिकराव फिटरांच्या तेराव्याला कारखान्याचे मॅनेजर भलामोठा हार घेऊन आले. जमलेल्या युनियनच्या कामगारांसमोर म्हणाले, "माणिकराव आमच्या घरचाच माणूस होता." ते ऐकून माणिकरावांच्या पत्नी कावेरीबाई उठल्या. "घरचा? ह्यांच्या संगं काम करनाऱ्या सुदामचा हात तुटला त्या मशीनला जाळी बसवा म्हनले, म्हनून तुम्ही ह्यान्ला तीन वर्सं कामाबाहेर ठेवलं. रोज डबा घेऊन तुमच्या गेटबाहेर बसायचे. सांजच्याला हसतच घरी येऊन पोरीचा अभ्यास घ्यायचे. जाळी बसली तवाच आत गेले." "जुनं झालं ते, बाई. हार घालतो अन् निघतो," मॅनेजर म्हणाले. "माझे मालक तीन वर्सं बाहेर बसले. तुम्ही घटकाभर भाईर उभं ऱ्हावा." मॅनेजरांनी कामगारांकडं पाहिलं. कुणी हललं नाही. ते हारासकट उंबऱ्याबाहेर गेले. माणिकरावांच्या लेकीनं आतून कडी लावली. तेरा दिवसांत पहिल्यांदाच कावेरीबाई मोठ्यानं रडल्या.