आईचं आडनाव

निवडीच्या फॉर्मवर तिनं आईचं माहेरचं आडनाव लिहिलं. देशासाठी फुटबॉल खेळलेल्या बापाला दटावलं, “बाबा, गाडीतून उतरलात तर बघा!” प्रत्येक संघानं तिला डोळे झाकून घेतलं होतं, ते पायांमुळे की बापामुळे, हे एकदाचं कळायला हवं होतं. ती जीव तोडून खेळली. कोचनी दारावर यादी चिकटवली. तिच्या पाठीवरचा सतरा नंबर त्यात नव्हता. शेवटचा होता बारा. बारावाली किंचाळत फोन लावायला पळाली. ही बाकावर बसली. निदान ही हार तरी स्वतःची, म्हणत ती बूट काढू लागली. तेवढ्यात बाप तिला हाका मारत आला. कोच ताडकन उठले. “तुमची मुलगी? अहो, आधी सांगायचं ना!” पेन निघालं. “सर, नको, पाया पडते!” त्यांनी बारा खोडून सतरा लिहिला. बाहेरून ऐकू आलं, “आई, घेतलं गं मला!”