झाकणाच्या आत

‘हे घड्याळ तर कोरं दिसतंय,’ कस्टमचा अधिकारी म्हणाला. ‘चावीच्या घड्याळांवरचा आयातकर दुप्पट झालाय. भरा, नाहीतर इथेच ठेवा.’ मी म्हणालो, ‘साहेब, हे आमच्या अण्णांचं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. आठवण म्हणून ताईला द्यायला आणलंय.’ ‘जुनं, आणि इतकं चकचकीत?’ ‘या धाकट्या भावाने पॉलिश केलंय. दुकान आता तोच बघतो.’ ‘पुरावा?’ पावती कुठून आणणार? मग आठवलं आणि जिवात जीव आला. घड्याळ दुरुस्त केलं, की अण्णा झाकणाच्या आत सुईने तारीख कोरायचे, भिंगाखालीच दिसेल इतकी बारीक. ‘मागचं झाकण उघडून बघा ना!’ धाकट्याने माझा दंड घट्ट धरला. तोवर झाकण निघालं होतं, आतून आरशासारखं लख्ख. ‘मला ओरखडे वाटले, दादा,’ तो पुटपुटला, ‘आतूनही घासलं.’ झाकणात फक्त माझा चेहरा होता.