पॉलिशचे सहा हात

इंदिरानगरच्या अश्विन सरांच्या हॉलसाठी साइडबोर्ड करायचा होता. अस्सल सागवान, दारांना उभ्या रेघांची काच, पितळी मुठी, आणि सांधा शोधूनही सापडणार नाही असं काम. मी म्हणालो, "सर, पॉलिशचेच सहा हात आहेत. प्रत्येक हात नीट वाळला पाहिजे. दोन महिने धरा."

"दोन महिने नाही चालणार मिस्तरी. दोन आठवड्यांत घरात पाहिजे. तीनच हात द्या."

त्यांची आई, कलाबाई, हॉलमध्येच खाटेवर पडून होत्या. डॉक्टरांनी आशा सोडलेली. त्यांनी पदराने डोळे टिपले. "बघा मिस्तरी, मला बघायला मिळावा म्हणून किती घाई चाललीय माझ्या लेकाची!"

मलाही भरून आलं. सर लिफ्टपर्यंत सोडायला आले, तेव्हा त्यांना म्हणालो, "रात्रीचा दिवस करतो सर, पण आजींना साइडबोर्ड दाखवतोच."

 

 

"तसं नाही हो. आई गेली की वर्षभर घरात नवीन वस्तू आणता येत नाही."