उंदरासाठी बीळ

"अण्णा, ही बाणांची बटणं दाबायची. उंदराला सगळे शेंगदाणे खायला लावा आणि मांजरापासून वाचवा."

निरुपमाने लॅपटॉप वडिलांपुढे सरकवला. औषधांचं दुकान सांभाळून फावल्या वेळात तिने हा भूलभुलैयाचा खेळ स्वतः तयार केला होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर अण्णांची बोटं हलावीत म्हणून ती रोज त्यांच्या मागे लागायची. हल्ली ते व्यायामाला नकोच म्हणायचे.

अण्णांनी उंदीर एका कोपऱ्यात नेला आणि हात काढून घेतला.

"मांजर येईल ना, अण्णा."

"येऊ दे. दमलाय तो. जरा बसू दे त्याला."

आपल्या खेळात विसाव्याला कुठे जागाच नाही, हे निरुपमाच्या आत्ता लक्षात आलं. तिने लॅपटॉप ओढून घेतला आणि तिथेच बसून त्या कोपऱ्यात एक बीळ केलं, मांजराला शिरता येणार नाही असं.

अण्णांनी उंदराला बिळात बसवलं. मांजर बाहेर घुटमळत राहिलं. निरुपमाने चहा केला, दोघांनी तो निवांत घेतला. व्यायामाचं नाव तिने काढलं नाही.

कप खाली ठेवून अण्णांनी आपणहून बटणावर बोट टेकवलं.

"चल, निघू आता," ते उंदराला म्हणाले.